अधेली की रुपया: बत्तीस-चौसष्ट वादाची साधकबाधक मीमांसा

नवा संगणक घरी आणणाऱ्याला, किंवा जुन्याला फॉरमॅट मारून घ्यायला निघालेल्याला, साधारण २००५ ते २०२१ या काळात एक प्रश्न हमखास विचारला जाई: ‘बत्तीस टाकू का चौसष्ट?’ विचारणारा हार्डवेअरवाला मुलगा पेनड्राइव्हचं टोपण दातात धरून, कॅबिनेटचा स्क्रू पिळता पिळता हे विचारायचा. आणि ज्याने मुलीचं स्थळ सहा महिने पारखलं, गावच्या जमिनीचे फेरफार आजोबांपर्यंत मागे जाऊन तपासले, तो गृहस्थ क्षणभर आढ्याकडे बघून म्हणायचा, ‘जे चांगलं असेल ते टाक रे.’

या एका वाक्याने एका थोर वादाची माती झाली. ऑपरेटिंग सिस्टिमची बत्तीस बिटांची आवृत्ती घ्यावी की चौसष्ट बिटांची, याची मराठीत व्हावी तशी मीमांसा झालेली नाही. केतकरांच्या ज्ञानकोशात या विषयावर नोंद नाही. पण त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांचे खंड १९२०च्या दशकातच छापून झाले होते. पुढच्या विद्वानांना मात्र ही सबब नाही. ती उणीव प्रस्तुत निबंधात भरून काढायचा विचार आहे. याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. उपयोग असता तर आम्ही हा विषय हाती घेतलाच नसता.

प्रथम संख्याविचार. इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर चार बिटांचा, साल १९७१. ८०८० आठ बिटांचा, १९७४. ८०८६ सोळाचा, १९७८. ८०३८६ बत्तिसाचा, १९८५. ही चढण पाहून कोणाही जुन्या माणसाला खिशातली चिल्लर आठवावी. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया चौसष्ट पैशांचा होता: चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. म्हणजे ४००४ हा एक आणा, ८०८० चवली, ८०८६ पावली आणि ८०३८६ अधेली. २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉन बाजारात आणला, तेव्हा रुपया पुरा झाला. (चौसष्ट बिटांचे प्रोसेसर त्याआधीही होते, डेकचा अल्फा १९९२चा. पण ती बड्या घरची मंडळी, आपल्या टेबलापर्यंत कधी आली नाहीत.) त्यानंतर इतकी वर्षं उलटली, तरी एकशे अठ्ठावीस बिटांचा प्रोसेसर काही घरोघरी आला नाही. सोळा आणे पुरे झाल्यावर आणखी नाणं कशाला, असा याचा अर्थ आम्ही लावतो. तंत्रज्ञ वेगळा लावतात. पुढे सोयीसाठी हीच नाणी चालवू.

आता या नाण्यांत काय येतं ते पाहू. बत्तीस बिटांत जेवढे पत्ते लिहिता येतात, तेवढ्याच मेमरीला प्रोसेसर हाक मारू शकतो. शून्यापासून मोजत गेलं तर शेवटचा पत्ता येतो ४,२९,४९,६७,२९५. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. बुद्धिबळाचा पट शोधणाऱ्याने राजाकडे पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं बक्षीस मागितल्याची जी कथा आहे, तिच्यातल्या पहिल्या बत्तीस घरांत मिळून बरोब्बर इतकेच दाणे पडतात. एक इकडे नाही की तिकडे नाही. अर्ध्या पटापर्यंत राजाला फारसं काही वाटलं नसणार. दोन-अडीचशे टन गहू कोठारात असतोच. संकट उरलेल्या अर्ध्यात आहे. पुरा पट भरला की दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, आणि हाच चौसष्ट बिटांचा शेवटचा पत्ता.

ही संख्या मोठ्याने वाचायला गेलं की आणखी पंचाईत. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात एकापासून दसपट करत स्थानांची अठरा नावं दिली आहेत. शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे त्या थोर गणित्यालाही याच्यापुढे नाव ठेवायची गरज पडली नाही. चौसष्ट बिटांचा पत्ता भरतो एकशे चौऱ्याऐंशी परार्ध. अर्थात हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात एएमडीने सुरुवातीला पत्त्याचे अठ्ठेचाळीसच बिट वापरात आणले, त्यांचे २५६ टेराबाइट होतात. आणि विंडोज ७च्या होम बेसिक आवृत्तीवर मायक्रोसॉफ्टने ८ जीबीची पाटी लावली. एकशे चौऱ्याऐंशी परार्धांचा पट मांडायचा आणि खेळणाऱ्याला बजावायचं की तेहतिसाव्या घरापलीकडे सरकलास तर याद राख!

एवढ्या सामग्रीवर दोन पंथ उभे राहिले. रुपयावाद्यांचा पूर्वपक्ष साधा होता. लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणलेली ४ जीबी रॅम बत्तीसच्या विंडोजमध्ये बसवली की माहितीच्या खिडकीत ४.०० जीबी असं लिहून यायचं आणि शेजारी कंसात बारीक अक्षरात ‘वापरण्याजोगी ३.२५’. उरलेली पाऊण जीबी गेली कुठे? दुकानदाराने मारली, असा पहिला संशय. पण या एका बाबतीत तो निर्दोष होता. ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनाही त्याच चार जीबीच्या गावात पत्ते द्यावे लागतात. त्यांनी वरच्या आळीतली घरं अडवली की तेवढी रॅम बेघर होते. तेव्हा चौसष्ट घ्या, गाव मोठं करा, असा रुपयावाद्यांचा सिद्धान्त.

अधेलीवाद्यांचं याला बिनतोड उत्तर होतं, पण दुर्दैवाने त्यांच्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. १९९५च्या पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्येच इंटेलने मेमरीचा पत्ता छत्तीस बिटांचा करायची सोय दिली होती. त्याने बत्तीसच्या सिस्टिमलाही ६४ जीबीपर्यंत हात पोचवता येतो. विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांत हे चालायचं. घरगुती आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते चारवरच बांधून ठेवलं, कारण घरोघरच्या प्रिंटर-कार्डांचे ड्रायव्हर चार जीबीच्या वरचा पत्ता दिसला की बावचळायचे आणि मशीन कोसळायचं. म्हणजे गणिताची आडकाठी नव्हतीच. आडकाठी होती ती सोबत आणलेल्या जुन्या लवाजम्याची. हा मुद्दा वाचकाने गाठीला बांधून ठेवावा, कारण आमच्या मते सगळा वाद याच खुंटीला टांगलेला आहे. संगणकाची मेमरी किती, यापेक्षा मालकाचा बाडबिस्तरा किती जुना, यावरच नाणं ठरत आलं आहे.

वजनाचा मुद्दा दोन वाक्यांत उरकतो. चौसष्टमध्ये प्रत्येक पत्ता चार बाइटांऐवजी आठ बाइट खातो, म्हणून विंडोज १०लाही बत्तीसला किमान १ जीबी रॅम पुरायची आणि चौसष्टला २ लागायची. उलट प्रोसेसरच्या हाताखालची रजिस्टरं आठाची सोळा झाल्यामुळे कष्टाची कामं चौसष्टमध्ये झपाट्याने उरकतात. दोन जीबीचा मरतुकडा लॅपटॉप असेल तर अधेली, नाहीतर रुपया. इथवर दोन्ही पंथांत खरं भांडण नाही.

भांडण कुठे आहे ते पाहायला एखाद्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेत जावं. काउंटरमागे निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला जुना डॉसचा प्रोग्राम चालू असतो. माउसला हात न लावता काका खाते क्रमांक मारतात, एंटर, एंटर, रक्कम, पुन्हा एंटर, आणि बाजूचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोन्ही कडांना भोकं पाडलेल्या कागदावर करकरत रोजकीर्द ओढायला लागतो. प्रोग्राम लिहिणारा माणूस पुण्याला गेला, तिथून पुढे कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. अशा ठिकाणी नवा संगणक येतो, चौसष्ट बिटांचं विंडोज घेऊन. मुलगा जुनं फोल्डर कॉपी करतो, प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारतो. निळा पडदा येत नाही. हा प्रोग्राम या विंडोजवर चालणार नाही, अशी चौकट येते.

‘काका, हा सोळाचा प्रोग्राम आहे. चौसष्टवर नाही चालत.’

‘अरे, सोळा चोक चौसष्ट! मग बसत कसा नाही?’

या आक्षेपाला मुलाजवळ उत्तर नव्हतं, आणि आमच्या माहितीत कोणत्याही कंपनीने त्याला समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. कारण तेवढं सांगता येतं. प्रोसेसर चौसष्टच्या चालीत शिरला की डॉसचे जुने प्रोग्राम चालवण्याची त्याची खास सोय बंद पडते, आणि मायक्रोसॉफ्टने चौसष्टच्या विंडोजमधून डॉससाठी राखलेला कोपराही काढून टाकला. बत्तीसच्या विंडोजमध्ये तो कोपरा थेट विंडोज १०पर्यंत शाबूत होता. म्हणजे अधेलीत पावली चालते, रुपयात अधेली चालते, पण रुपयात पावली चालत नाही. असं नाणेशास्त्र जगात कुठल्या टांकसाळीने मान्य केलं असतं?

काही प्रोग्राम तर याहून बेरकी. ते स्वतः बत्तीसचे, चौसष्टच्या विंडोजवर सुखाने नांदतील असे. पण त्यांची स्थापना करून देणारा इन्स्टॉलर सोळाचा. नवरदेव मांडवात यायला तयार आणि घोडं वेशीवरच अडलेलं. छापखान्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून वेगळीच कथा ऐकू यायची. चौसष्टच्या विंडोजला ड्रायव्हर चौसष्टचाच लागतो, आणि व्हिस्टापासून तो रीतसर सही केलेला लागतो. प्रिंटर धडधाकट, स्कॅनर धडधाकट, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगलही शाबूत. पण त्यांचे ड्रायव्हर बत्तीसचे आणि ते नव्याने लिहून देण्यात कोणाला रस नाही. बारा-पंधरा हजारांच्या यंत्राला भंगारात काढायचं की फुकटच्या अधेलीत राहायचं? छापखानेवाल्याने अधेली घेतली तर त्याला मागासलेला म्हणणारे रुपयावादी आम्हाला कधी पटले नाहीत.

काकांचं काम शेवटी डॉसबॉक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने भागतं. तो संगणकाच्या आत एक खोटा जुना संगणक उभा करतो. छपाईपाशी मात्र तो अडखळतो, आणि पतसंस्थेत छापलेल्या कागदाखेरीज कशालाच पुरावा मानत नाहीत.

बाडबिस्तऱ्याचा हा नियम ग्राहकांपुरताच आहे असं कोणी समजू नये. खुद्द इंटेलने तो मोडून पाहिला. ह्यूलेट-पॅकार्डच्या जोडीने त्यांनी चौसष्टचा संपूर्ण नवा प्रोसेसर घडवला, इटेनियम. तो २००१ला आला. जुन्याशी नातं नको, सगळं कोरं करकरीत, अशी त्यामागची दृष्टी. बत्तीसचे जुने प्रोग्राम तो चालवायचा, पण रडतखडत. एएमडीने उलट केलं: जुनी अधेली जशीच्या तशी ठेवून तिच्यावर आठ आणे चढवले. जुने प्रोग्राम पूर्वीच्याच वेगाने पळाले आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. २००४मध्ये इंटेलला प्रतिस्पर्ध्याची रचना आपल्या प्रोसेसरांत घ्यावी लागली. इटेनियमची शेवटची खेप २०२१मध्ये रवाना झाली, आणि २०२४च्या जानेवारीत आलेल्या लिनक्सच्या ६.७ कर्नेलमधून त्याचं नावही पुसलं गेलं.

या तहाचा एक मनोरंजक अवशेष अजून टिकून आहे. डेबियन किंवा उबुंटू उतरवून घ्यायला गेलं की फायलीच्या नावात ‘एएमडी६४’ असं असतं. शेजारी ‘आय३८६’ही मिळे तोवर, लॅपटॉपवर इंटेलचं चकचकीत लेबल लावलेला माणूस ते पाहून बिचकायचा आणि तीच घ्यायचा, कारण आय म्हणजे इंटेलच असणार. अशा रीतीने नवाकोरा प्रोसेसर बाळगणारा माणूस १९८५च्या रचनेकडे आपल्या पायाने चालत जायचा. तर्क मात्र त्याचा निर्दोष होता. त्याहून निर्दोष तर्क त्याचा, जो विंडोजसाठी ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ यांतून निवडताना म्हणतो की शहाऐंशी चौसष्टापेक्षा मोठे, तेव्हा नवं तेच. एक्स८६ ही अधेली आहे, हे त्याला कोणी सांगावं आणि कुठल्या तोंडाने?

विंडोजच्या घरातली व्यवस्था तर एखाद्या वाड्याच्या वाटणीपत्रासारखी वाचावी लागते. चौसष्टच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ नावाचं फोल्डर असतं. त्यात राहतात चौसष्टच्या फायली. ‘सिसवॉव६४’ नावाचं दुसरं असतं. त्यात राहतात बत्तीसच्या. हा कारकुनी घोटाळा नाही. असंख्य प्रोग्रामांत सिस्टिम३२ हे नाव त्यांच्या कर्त्यांनी कायमचं कोरून ठेवलं होतं. नाव बदललं असतं तर ते प्रोग्राम चौसष्टसाठी पुन्हा घडवताना सगळीकडे मोडतोड झाली असती, म्हणून पाटी तशीच ठेवून भाडेकरू बदलले. बत्तीसचा एखादा प्रोग्राम सिस्टिम३२च्या दाराशी आला की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४मध्ये नेऊन बसवतं, आणि आपण सिस्टिम३२मध्येच बसलो आहोत या समजुतीत तो आयुष्य काढतो. खऱ्या सिस्टिम३२मध्ये त्याला जायचंच असेल तर ‘सिसनेटिव्ह’ नावाचं चोरदारही ठेवलेलं आहे. इतकी सावधगिरी आम्ही फक्त जुन्या नाटकांतल्या सुनांमध्ये वाचली होती.

दोन पंथांखेरीज तिसराही एक पंथ होता, आणि खरं सांगायचं तर देशातले बहुसंख्य संगणक त्यानेच ठरवले असावेत. त्याला आम्ही पाकीटप्रामाण्यवाद म्हणतो. हार्डवेअरवाल्या मुलाच्या चेन लावलेल्या काळ्या पाकिटात मार्करने नावं लिहिलेल्या सीड्या असत. त्यांतली जी ओरखडे न पडता शिल्लक असेल ती आवृत्ती श्रेष्ठ. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे प्रमाणांपेक्षा हे प्रमाण बळकट होतं, कारण ते बूट होत असे.

पुढे कंपन्यांनी निवडच काढून घेतली. ॲपलने २०१७ला आयफोनवरून आणि २०१९ला मॅकवरून बत्तीसचे ॲप हद्दपार केले. उबुंटूने २०१७च्या ऑक्टोबरपासून बत्तीसची डेस्कटॉप आवृत्ती देणं थांबवलं, आणि २०१९मध्ये बत्तीसची उरलीसुरली पॅकेजंही काढायची घोषणा केली. तेव्हा गेम खेळणारे आणि गेम विकणारे असे काही खवळले की काही दिवसांतच घोषणा आवरती घेऊन निवडक पॅकेजं ठेवावी लागली. पुन्हा बाडबिस्तराच! २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं विंडोज ११ फक्त चौसष्टमध्ये आलं आणि त्या मुलाचा प्रश्न कायमचा मिटला.

मिटला म्हणतो, पण २०२०पासून रुपयाच्याही चार प्रती ठरल्या आहेत: व्ही१, व्ही२, व्ही३, व्ही४. प्रोसेसरला कोणकोणत्या नव्या आज्ञा कळतात, त्यावरून ही प्रतवारी. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला किमान व्ही२ लागतो, दहाव्या आवृत्तीला व्ही३. काल ज्याने छाती पुढे काढून चौसष्ट घेतलं, त्याचाच प्रोसेसर आज कमअस्सल ठरू शकतो. रुपया वाजवून घ्यायचे दिवस पुन्हा आले म्हणायचे.

राहता राहिला कालविचार. युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि जुन्या बत्तीसच्या सिस्टिमींत हा आकडा बत्तीस बिटांत ठेवलेला आहे. त्यातला एक बिट अधिक-उणे दाखवण्यात खर्च होतो. उरलेल्या एकतिसांचं भांडं १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी काठोकाठ भरतं. पुढच्याच सेकंदाला घड्याळ उलटून १९०१ साली जातं. डेबियनने २०२५च्या तेराव्या आवृत्तीत बत्तीसच्या इतर प्रोसेसरांसाठी वेळेचं भांडं चौसष्टचं करून टाकलं. पण आय३८६ला तेवढं वगळलं, कारण तो आता जुने प्रोग्राम चालवण्यापुरताच ठेवला आहे आणि जुन्या प्रोग्रामांना जुनंच भांडं लागतं.

त्या मंगळवारी असं एखादं मशीन गिरगावात चालू राहिलं, तर त्याच्या पडद्यावर किती वाजलेले दिसतील? ग्रिनिचला ती वेळ १३ डिसेंबर १९०१, रात्री ८ वाजून ४५ मिनिटं ५२ सेकंद. त्यात साडेपाच तास मिळवून चालणार नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ १९०६ला सुरू झाली. लिनक्समधल्या कालक्षेत्रांच्या तक्त्यात भारताला त्याआधी मद्रासची वेळ लावलेली आहे, म्हणजे पडद्यावर येईल १४ डिसेंबर, शनिवार, पहाटेचे २ वाजून ७ मिनिटं २ सेकंद. पण मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि मुंबईच्या वेळेने तेव्हा वाजले होते १ वाजून ३६ मिनिटं ५२ सेकंद. गिरगावकर मद्रासची वेळ मान्य करणार नाहीत, हे उघड आहे. ही तीस मिनिटं दहा सेकंदांची तक्रार नेमकी कोणाकडे नोंदवायची, ते त्यांनी २०३८च्या आत ठरवून ठेवावं.